पेटंट शेवटून वाचा: पाणी, नेटवर्क आणि इलेक्ट्रॉनिक्स

एकाच माणसाच्या नावावर पाणी शुद्ध करायचं यंत्र, नेटवर्कमधली एखादी पद्धत आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट अशी तीन टोकांची पेटंटं दिसली, की माझ्याकडे येणारी मंडळी दोन तऱ्हेनं वागतात. काही जण दिपून जातात आणि ‘एवढी पेटंटं आहेत म्हणजे माल खरा असणारच’ म्हणत एजन्सीचे पैसे भरायला निघतात. काही जण ‘असं कुठं असतं का’ म्हणून कागद बाजूला सारतात. पेटंट उघडून वाचत मात्र दोघंही नाहीत.

मी मूळची इलेक्ट्रॉनिक्सची. नाशकात राहते आणि सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदारांना पेटंट शोधून, वाचून देण्याचं काम करते. कुणी आरओ प्लांट जोडून विकतं, कुणी कंट्रोल पॅनल बनवतं, कुणी शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा बोर्ड तयार करतं. हातात कसब असलेली माणसं. पण पेटंट म्हटलं की ‘ते वकिलाचं काम’ म्हणून लांब राहतात. मला हे मनापासून लागतं. पेटंट मिळण्याची अटच ही आहे, की शोधकानं आपला शोध सगळ्यांना कळेल असा लिहून उघड करायचा आणि त्या बदल्यात त्याला ठरावीक वर्षं हक्क मिळायचा. तुमच्या-माझ्यासारख्यांनी वाचावं म्हणूनच तो कागद सरकारदरबारी ठेवलेला असतो आणि आता घरबसल्या फुकट मिळतो. तो कसा वाचायचा, हे मी इथं माझ्या पद्धतीनं सांगते.

आधी ठरवा, वाचताय कशासाठी

कारण वेगळं असेल तर वाचनही वेगळं होतं. तुम्हाला तसाच माल बनवून विकायचा असेल, तर पेटंट भारतात जिवंत आहे का आणि त्याची हद्द कुठवर आहे, एवढंच महत्त्वाचं. स्वतःचा अर्ज करायचा असेल, तर पेटंट जिवंत आहे की मेलेलं याला काही अर्थ नाही. शंभर वर्षांपूर्वीचा कागदही तुमच्या नवेपणाच्या आड येतो. आणि एखाद्या माणसाची पारख करायची असेल, म्हणजे त्याच्याशी भागीदारी किंवा त्याची डीलरशिप, तर यादीतल्या पेटंटांचा मालक कोण आहे हे सगळ्यात आधी पाहायचं. काम सुरू करण्याआधी कागदाच्या माथ्यावर यातलं एक कारण लिहून ठेवा. तिन्ही कारणं एकदम धरून वाचणाऱ्याचा गोंधळ उडालेला मी नेहमी पाहते.

नावावरून यादी काढणं

गूगल पेटंट्स, युरोपियन पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट आणि भारतासाठी आपल्या पेटंट कार्यालयाचं इनपास, या तीन ठिकाणी मिळून बहुतेक काम भागतं. इन्व्हेंटरच्या रकान्यात नाव टाका. मराठी नावांची इथं कसरत होते. ‘ळ’ला रोमन लिपीत स्वतंत्र अक्षर नाही, ‘व’ दोन प्रकारे लिहिला जातो, भारतीय अर्जात वडिलांचं नाव मधे येतं आणि अमेरिकी अर्जात त्याचं एकच अक्षर उरतं. म्हणून आडनाव तीन-चार स्पेलिंगनी शोधा, आणि नावासोबत एखादा वर्ग जोडा.

वर्ग म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा संकेतांक. पाणी शुद्धीकरण ‘सी०२एफ’मध्ये येतं. त्यातही अतिनील किरणांनी शुद्धीकरण ‘सी०२एफ १/३२’, आरओ ‘सी०२एफ १/४४’, विजेच्या साहाय्यानं ‘सी०२एफ १/४६’. मेंब्रेनसाठी, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यासाठी, ‘बी०१डी’ही पाहावा लागतो. डिजिटल माहितीची देवाणघेवाण ‘एच०४एल’, वायरलेस नेटवर्क ‘एच०४डब्ल्यू’, छापील सर्किट बोर्ड ‘एच०५के’. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. संकेतांकाचा मोठा फायदा असा, की शोधकानं आपल्या यंत्राला काहीही नाव दिलेलं असलं तरी पेटंट कार्यालयातल्या तपासणाऱ्यानं ते योग्य कप्प्यात घातलेलं असतं. नुसत्या शब्दांवर विसंबलात तर ‘वॉटर प्युरिफायर’ शोधून ‘फ्लुइड ट्रीटमेंट अपॅरेटस’ हातचं निसटतं.

सरावासाठी मी नेहमी अशोक गाडगीळांचं नाव देते. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबई विद्यापीठ, आयआयटी कानपूर आणि पुढं बर्कली. काम लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीत. २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. त्यांचं काम वरवर पाहिलं तर विखुरलेलं वाटेल: अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणं, लोखंडी पट्ट्यांतून वीज सोडून पाण्यातलं आर्सेनिक काढणं, सुदानमधल्या दारफूरच्या निर्वासितांसाठी कमी लाकूड जाळणारी चूल. जवळून पाहिलं की एक सूत्र दिसतं: थोड्या ऊर्जेत, थोड्या पैशात आणि मिस्त्री हाताशी नसताना चालेल असं यंत्र. कुठल्याही बहुक्षेत्री शोधकाची यादी हातात आली की मी हेच हुडकते. अशा माणसाकडे बहुधा एखादं हत्यार असतं आणि तो ते वेगवेगळ्या जागी चालवून पाहत असतो. वाय-फायचं एक गाजलेलं पेटंट ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या ज्या गटाचं आहे, त्यातले जॉन ओसलिव्हन रेडिओ खगोलशास्त्रातून आलेले. अवकाशातून पसरट होऊन येणारे संकेत नीट करण्याचं गणित त्यांच्या अंगवळणी होतं. खोलीतल्या भिंतींवर आपटून पसरणाऱ्या रेडिओ लहरींना तेच कामी आलं. असं सूत्र सापडलं नाही, तर ती यादी एकाच नावाच्या दोन-तीन माणसांची मिसळलेली असण्याची शक्यता आधी तपासा. गाव आणि मालक जुळवून पाहिले की उलगडा होतो.

आता आकड्याबद्दल. ‘इतकी पेटंटं’ या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. नुसता अर्ज म्हणजे पेटंट नव्हे. प्रसिद्ध झालेला अर्ज कुणाचाही असू शकतो. अमेरिकी क्रमांकाच्या शेवटी ‘ए१’ असेल तर तो अर्ज, ‘बी१’ किंवा ‘बी२’ असेल तर मंजूर पेटंट. ही पद्धत २००१ पासूनची. शिवाय एकच शोध पाच देशांत नोंदवला की पाच क्रमांक तयार होतात. त्याला पेटंट फॅमिली म्हणतात आणि मोजताना ती एक धरायची. एस्पेसनेटवर फॅमिली एका टिचकीत दिसते. रेडिया पर्लमन यांच्यासारख्यांची गोष्ट निराळी. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना त्यांनी स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कमध्ये माहिती गोल-गोल फिरत राहू नये यासाठीची पद्धत, रचला, आणि त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटं आहेत. तिथं आकड्याच्या मागं तेवढं काम आहे. पण ते काम त्या आकड्यात दिसत नाही, कागद उघडल्यावर दिसतं.

पहिल्या पानावरचे कंसातले आकडे

पेटंटाच्या पहिल्या पानावर प्रत्येक नोंदीआधी कंसात एक छोटा आकडा असतो. तो जगभर सारखाच, त्यामुळे कागद जपानी असला तरी कामाची माहिती काढता येते. (५४) म्हणजे शीर्षक, (७२) शोधक, (७१) अर्जदार, (७३) मालक, (२२) अर्जाची तारीख, (३०) प्रायॉरिटी, म्हणजे याआधी दुसऱ्या देशात केलेल्या अर्जाची तारीख, (४५) मंजुरीची तारीख, (५१) वर्ग, (५६) तपासताना विचारात घेतलेले जुने कागद. जुन्या अमेरिकी पेटंटांवर शोधकासाठी (७५) दिसेल.

भारतीय अर्ज-क्रमांकही वाचता येतो. २०१६ पासून तो बारा अंकी आहे: पहिले चार अंक वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा, सहावा अर्जाच्या प्रकाराचा. पाचव्या जागी २ असेल तर अर्ज मुंबई कार्यालयातला. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज तिथंच येतात. सहाव्या जागी ७ असेल तर तो आंतरराष्ट्रीय मार्गानं बाहेरून भारतात आलेला. कुणी ‘आमचं इंडियन पेटंट’ म्हणून नंबर दिला, तर नंबराचे अंक मोजूनही बरंच कळतं: मंजूर पेटंटाचा क्रमांक वेगळा आणि आखूड असतो, बारा अंकी असेल तर तो अर्जाचाच.

शेवटून सुरुवात

आता खरं वाचन. शीर्षक सोडा, गोषवारा सोडा, थेट शेवटी जा. भारतीय आणि अमेरिकी कागदात शेवटी क्रमांक घातलेली वाक्यं असतात, ते क्लेम. पेटंटाचा कायदेशीर हक्क तेवढ्यात सामावलेला असतो. सातबारा हातात आला की आपण जमीन कुणाची आणि गटाच्या चारी बाजूंना कोण हे पाहतो, गावाच्या वर्णनाला भुलत नाही. क्लेमही तसेच, चतुःसीमा पाहून वाचायचे. बाकीची चाळीस पानं त्या सीमा समजाव्यात म्हणून आहेत.

गाडगीळ आणि विकास गरुड यांचं अमेरिकी पेटंट ५७८०८६० घ्या. १४ जुलै १९९८ रोजी मंजूर झालं, शीर्षक ‘यूव्ही वॉटर डिसइन्फेक्टर’. नुसतं शीर्षक वाचलं तर वाटेल, अतिनील दिव्यानं पाणी शुद्ध करणं म्हणजे यांचीच मक्तेदारी. तसं असूच शकत नाही, कारण अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणं त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून सुमारे २५४ नॅनोमीटरची किरणं निघतात, ती जंतूंच्या डीएनएला इजा करतात आणि जंतूंची वाढ थांबते. नेहमीच्या यंत्रात दिवा क्वार्ट्झच्या नळीत घालून पाण्यात बुडवतात. त्या नळीवर क्षार आणि शेवाळ चढतं, किरणं अडतात, आणि गावात ती नळी पुसायला कुणी नसतं. १९९२-९३ मध्ये भारतात कॉलऱ्याचा नवा प्रकार पसरला, त्यानंतर गाडगीळ या प्रश्नाला भिडले. त्यांनी दिवा पाण्याच्या वर, हवेत टांगला आणि पाणी त्याखालून केवळ उतारानं वाहू दिलं. दिव्याला पाणी लागतच नाही, म्हणून त्यावर काही चढत नाही. आणि दाबाची गरज नसल्यामुळे हातपंपाचं पाणीही चालतं. साधारण ६० वॅट विजेत मिनिटाला १५ लिटर पाणी. शोध आहे तो त्या मांडणीत.

आता क्लेम कसा तोडायचा ते पाहा. सरावासाठी मी स्वतः एक क्लेम रचते. हा त्या पेटंटातला नाही. ‘पाणी निर्जंतुक करणारं उपकरण, ज्यात (अ) पाणी वाहण्यासाठी उथळ पात्र, (आ) पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर, पाण्याला स्पर्श न करणारा अतिनील दिवा, (इ) दिव्याच्या वर परावर्तक, आणि (ई) पात्रातून पाणी एकसारखं पसरून वाहावं यासाठी जाळीची भिंत आहे.’ कागदावर चार ओळी आखा, समोर तुमच्या यंत्राचा रकाना ठेवा आणि एकेक भाग आहे की नाही ते लिहा. चारही असतील तर तुम्ही हद्दीत शिरलात. चारांपैकी एखादा भाग जरी तुमच्याकडे खरोखर नसेल, तर शब्दशः पाहता तुमचं यंत्र त्या क्लेममध्ये येत नाही. जाळीऐवजी भोकांची पट्टी लावली तर? तिथं ‘तेच काम त्याच रीतीनं करणारा पर्याय’ असा वाद उभा राहू शकतो, आणि तेवढ्यापुरतं मात्र पेटंट एजंटाला विचारा. चार ओळींचा तो तक्ता घेऊन गेलात तर एजंटाचं काम आणि तुमचा खर्च दोन्ही कमी होतात.

क्लेम दोन जातींचे. पहिला स्वतंत्र, त्यापुढचे बरेचसे ‘क्लेम १ प्रमाणे उपकरण, ज्यात…’ असे सुरू होतात, ते अवलंबून असलेले. अवलंबून असलेल्याची हद्द नेहमी अरुंद. म्हणून आधी सगळे स्वतंत्र क्लेम शोधून खूण करा. क्लेम जितका आखूड तितका रुंद: भाग कमी, म्हणून जास्त यंत्रं त्यात सापडतात. एका पानभर लांबीचा पहिला क्लेम दिसला, तर समजायचं की तपासणाऱ्यानं त्याला बराच आवळून मंजुरी दिलीय.

क्लेम वाचून झाले की मगच विवरण वाचा, आणि ते सावकाश वाचा. पात्राची खोली किती, प्रवाह एकसारखा का हवा, गढूळ पाण्यात किरणं का पोचत नाहीत, हे सगळं तिथं मिळतं. पाठ्यपुस्तकात इतकं बारीक कुणी लिहीत नाही.

मालक कोण

या ठिकाणी मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घरोघरच्या आरओच्या मेंब्रेनमागं ही गोष्ट आहे.

आरओची सुरुवात अमेरिकेत लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा बनवला, ज्यातून खारं पाणी गोडं होऊन उपयोगी पडेल इतक्या वेगानं बाहेर येईल. पेटंट ३१३३१३२, मंजुरी १२ मे १९६४. पुढची मोठी झेप जॉन कॅडॉट यांची. पाण्यात विरघळलेलं एक अमाइन आणि तेलकट द्रावकात विरघळलेलं एक ॲसिड क्लोराइड जिथं भेटतात, त्या सीमेवरच पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. तो एका सच्छिद्र आधारावर बसवला की खारेपणा अडतो आणि पाणी भरपूर येतं. तुम्ही बदलून देता त्या बहुतेक मेंब्रेनचा पाया हाच. पेटंट ४२७७३४४, मंजुरी ७ जुलै १९८१, आणि कागदावर मालक फिल्मटेक ही कंपनी.

कॅडॉट आधी मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होते आणि तिथलं पडद्यांचं काम अमेरिकी सरकारच्या पैशातून चालायचं. करारात लिहिलं होतं, की या कामातून निघालेल्या शोधांचा हक्क सरकारचा. १९७८ मध्ये ते तिथून बाहेर पडून फिल्मटेकमध्ये गेले, फेब्रुवारी १९७९ मध्ये अर्ज केला. पुढं फिल्मटेकनं हायड्रानॉटिक्स या दुसऱ्या मेंब्रेन कंपनीवर दावा लावला तेव्हा न्यायालयानं विचारलं, की शोध सुचला कधी? १९९२ मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला: शोधाची कल्पना सरकारी कराराच्या काळातच पूर्ण झाली होती, म्हणून मालकी सरकारची, आणि फिल्मटेकला दावा लावण्याचाच हक्क नाही. अकरा वर्षं ज्या कागदावर कंपनीचं नाव होतं, त्या कागदाची मालकी दुसऱ्याचीच निघाली.

म्हणून (७३) समोरचं नाव वाचून थांबू नका. शोधक त्या तारखेला कुठं नोकरीला होता, संशोधनाला पैसा कुणाचा होता हे पाहा. अमेरिकी पेटंटात सरकारी मदत असेल तर विवरणाच्या सुरुवातीलाच तसं लिहिलेलं असतं. हस्तांतरणाच्या नोंदी वेगळ्या असतात, त्याही उघडा. एखादा गृहस्थ ‘माझी पेटंटं’ म्हणून डीलरशिप देत असेल आणि सगळ्या पेटंटांचा मालक त्याची जुनी कंपनी असेल, तर त्याला ती तुम्हाला वापरायला देण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न लेखी विचारा. आणि इंजिनिअरिंगच्या मुलांनो, कॉलेजच्या लॅबमध्ये, कॉलेजच्या निधीतून प्रोजेक्ट करत असाल तर मालकीबद्दल कॉलेजचं धोरण आधी वाचा.

नेटवर्कची पेटंटं

इथं उदाहरण इथरनेटचंच घ्यावं. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ, डेव्हिड बॉग्ज, चार्ल्स थॅकर आणि बटलर लॅम्पसन यांनी केलेला अर्ज ३१ मार्च १९७५ चा. पेटंट ४०६३२२० मंजूर झालं १३ डिसेंबर १९७७ ला. एकाच तारेवर अनेक यंत्रं. बोलण्याआधी तार रिकामी आहे का ते ऐकायचं, बोलताना टक्कर झालीय का तेही ऐकत राहायचं, टक्कर झाली तर थांबायचं आणि यदृच्छेनं ठरलेल्या वेळानंतर पुन्हा प्रयत्न करायचा. टकरा वाढल्या तर ती थांबण्याची मुदतही वाढवायची. शीर्षकात ‘इथरनेट’ हा शब्दच नाही, तिथं आहे ‘टक्कर ओळखणारी अनेक-बिंदू माहिती-वहन व्यवस्था’ अशा अर्थाचं लांबलचक नाव. वर्गानं शोधा म्हणते ते याचसाठी.

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात मुदत मंजुरीपासून १७ वर्षं होती, त्यामुळे ही कल्पना १९९४ अखेर मोकळी झाली. आताची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तिथंही आणि आपल्याकडेही. जुन्या पेटंटाची मुदत मोजताना हा फरक विसरू नका.

भारतात नेटवर्कच्या अर्जांना कलम ३(के) आडवं येतं: गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता संगणक-प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. तरीही मंजूर होतात ती, ज्यांत तांत्रिक परिणाम दाखवता येतो, उदाहरणार्थ तारेवरचा भार कमी होणं किंवा बॅटरी जास्त टिकणं. २०१९ मध्ये फेरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानंही तांत्रिक परिणामावर बोट ठेवलं. पंपाच्या बोर्डाचं उदाहरण घ्या. ‘मोबाइलवरून पंप चालू करण्याची पद्धत’ असं लिहाल तर अडकाल. नेटवर्क गेल्यावर बोर्ड काय करतो, सिंगल फेजिंग झाल्यावर, म्हणजे तीनपैकी एक फेज गेल्यावर, रिले किती वेळात सुटतो, निरोप दोनदा आला तर पंप दोनदा का चालू होत नाही, हे लिहा. शोध असला तर तिथंच असतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये आकृती आधी

इलेक्ट्रॉनिक्सची पेटंटं वाचताना मी आकृत्यांची छपाई काढून शेजारी ठेवते. प्रत्येक भागाला क्रमांक असतो, विवरणात तोच क्रमांक येतो. क्लेममधला एखादा भाग आकृतीत सापडत नसेल तर तिथं पेन्सिलनं खूण करावी. कमकुवत जागा बहुधा तीच.

आकृतीचं मोल किती, ते इंटिग्रेटेड सर्किटच्या, म्हणजे चिपच्या, वादात दिसतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांचा अर्ज ६ फेब्रुवारी १९५९ चा, फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइस यांचा त्यानंतरचा, ३० जुलै १९५९ चा. पण नॉइस यांचं पेटंट २९८१८७७ मंजूर झालं एप्रिल १९६१ मध्ये आणि किल्बी यांचं ३१३८७४३ जून १९६४ मध्ये. किल्बी यांच्या आकृतीत जर्मेनियमच्या तुकड्यावरचे भाग हवेतून जाणाऱ्या सोन्याच्या तारांनी जोडलेले दिसतात. नॉइस यांनी सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या थरावर धातूच्या पट्ट्या चिकटवून जोडणी दाखवली, आणि कारखान्यात हजारांनी बनवता येईल अशी रीत तीच होती. जोडणीच्या या मुद्द्यावर दोघांत वर्षानुवर्षं वाद चालला. १९६९ मध्ये अपील न्यायालयानं नॉइस यांच्या बाजूनं कौल दिला, कारण किल्बी यांच्या अर्जात थरावर चिकटलेली जोडणी स्पष्टपणे मांडलेली नव्हती. त्याआधीच, १९६६ मध्ये, दोन्ही कंपन्यांनी एकमेकींना परवाने देण्याचं ठरवलं होतं. किल्बींना २००० साली नोबेल मिळालं. नॉइस १९९० मध्येच गेले होते.

तुमच्या बोर्डाचा अर्ज करताना म्हणूनच नुसती ब्लॉक आकृती देऊन भागवू नका. जोडणी कशी, कुठल्या क्रमानं, दुसऱ्या कुठल्या रीतीनं करता येईल, हे सगळं अर्जाच्या दिवशीच कागदावर हवं. नंतर नवी माहिती भरता येत नाही.

भारतात लागू आहे का

पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेत मंजूर झालेलं आणि भारतात कधी न नोंदवलेलं पेटंट आपल्याला इथं अडवत नाही. तो माल अमेरिकेत विकायला मात्र तुम्ही जाऊ शकत नाही. भारत पेटंटांसंबंधीच्या पॅरिस करारात आणि आंतरराष्ट्रीय अर्जाच्या पीसीटी व्यवस्थेत ७ डिसेंबर १९९८ रोजी सामील झाला. पीसीटी अर्ज पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांपर्यंत भारतात येऊ शकतो. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा परदेशी अर्ज पाहून ‘भारतात नाही’ म्हणत लगेच साचे बनवायला टाकू नका. ३१ महिने उलटू द्या आणि पुन्हा पाहा.

भारतात पेटंट असेल तर ई-रजिस्टरमध्ये नूतनीकरण भरलंय का ते तपासा. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरावी लागते आणि ती न भरल्यानं बरीच पेटंटं गळतात. तरी गळालेलं पेटंट १८ महिन्यांच्या आत अर्ज करून परत जिवंत करता येतं, तेवढा काळ लक्षात ठेवा. कॅडॉट यांचं मेंब्रेनचं मूळ पेटंट १९९० च्या दशकातच संपलं. त्यातली रीत आज कुणीही वापरू शकतं. मात्र नंतरच्या सुधारणांची पेटंटं वेगळी, ती एकेक करून पाहावी लागतात.

आणि स्वतःचा अर्ज करायचा असेल तर

सगळ्यात आधी: अर्जापूर्वी कुणाला दाखवू नका. प्रदर्शनात मांडणी, व्हिडिओ, स्पर्धेतला पोस्टर, यानं नवेपणा जाऊ शकतो. काही प्रदर्शनांसाठी सूट आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवून चालू नये. काम अर्धवट असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करून तारीख पक्की करा. पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. एका माणसासाठी, स्टार्टअपसाठी किंवा शिक्षणसंस्थेसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये, ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत. तपासणीची मागणी वेगळी, फॉर्म १८, एका माणसाला ४,००० रुपये. ती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. दर बदलत असतात, भरण्यापूर्वी पेटंट कार्यालयाच्या साइटवर पाहून घ्या. अर्जदार कंपनी नसून सगळी माणसंच असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असेल तर जलद तपासणी मागता येते, फॉर्म १८ए. ही सोय आपल्याकडच्या बायकांना फारशी माहीत नाही, म्हणून मी ती प्रत्येक ठिकाणी सांगते.

भारतात राहत असाल तर आधी परदेशात अर्ज करायला परवानगी लागते, किंवा इथं अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. तपासणी अहवाल आला की उत्तराला सहा महिने. पहिल्या अहवालात बहुतेक क्लेमवर हरकत येतेच, घाबरून सोडून देऊ नका. तपासणाऱ्यानं दाखवलेले जुने कागद याच पद्धतीनं, क्लेमऐवजी त्यांचं विवरण पुढ्यात घेऊन वाचा आणि तुमचा कुठला भाग त्यांत नाही ते लिहा.

जुन्या कागदांत आपल्याकडचं पारंपरिक ज्ञानही येतं. हळदीनं जखम भरण्याबद्दलचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मंजूर झालं होतं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं जुने लेखी पुरावे देऊन त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तुमच्या धंद्यातली वर्षानुवर्षं चालत आलेली रीत कुणी स्वतःच्या नावावर करू पाहत असेल, तर तुम्हालाही तेच करता येतं. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. आपला वर्ग त्यात नियमानं पाहा. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कलम २५(१) खाली कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकतीसोबत तारीख असलेला कागद जोडा: जुनं बिल, माहितीपत्रक, डिलिव्हरी चलन, तारखेसह छापलेली जाहिरात. कारखान्याची जुनी कागदपत्रं रद्दीत घालण्याआधी त्यातून एवढी बाजूला काढून ठेवा.